रकाना अकरावा

रकाना अकरावा म्हणतो : नुकसानीचे स्वरूप, थोडक्यात.
थोडक्यात म्हणजे दीड इंच.
बत्तीस वर्षं पोस्टात काढली मी,
लोक एका कार्डावर अख्खं बाळंतपण बसवत,
मलाही जमायला हवं.

सोनेगाव विमानतळ, पहाटेचे चार वीस.
शारजाच्या विमानापुढे आधी ‘उशीर’,
मग ‘रद्द’, मग पाटीच कोरी.
वैमानिक संपावर, असं काउंटरवरची मुलगी म्हणाली,
रोशनी मडावी, गळ्यातल्या कार्डावर नाव होतं.
दीडशे माणसांच्या शिव्या एकटीच झेलत होती.
कुणीतरी विचारलं, तुम्ही काहून नाही संपावर?
आम्ही कंत्राटी आहोत काका, म्हणाली.
हे नुकसानीत बसत नाही. खोडतो.

पावत्या जोडल्या आहेत.
ऑटो, महालातून जाताना तीनशे,
येताना पाचशे, तोवर बातमी त्यालाही पोचली होती.
चहा एक, एकशे साठ.
जेवणाचं कूपन विमान कंपनीचं, अडीचशेचं, न वापरलेलं.
आणि बॅग तीन तासांनी पट्ट्यावरून परत आली तेव्हा
आतली भिवापुरी तिखटाची पिशवी फुटलेली,
सदरे लाल,
पट्ट्याभोवती सगळे शिंकून राहिलेले.
तिखट निसारने मागवलं होतं.
तिकडे मिळतं ते नुसतं रंगाचं असतं म्हणे.

विमा कार्यालयातला संकेत पौनीकर चांगला मुलगा आहे.
कूलरची झोत माझ्याकडे वळवून म्हणाला,
सर, पॉलिसी नऊ तारखेची, संपाची नोटीस सातची.
जाहीर झालेला संप आपण धरत नाही,
अचानक झाला तर धरतो.
‘कल्पना होती का’ इथे ‘नाही’ लिहा फक्त,
पुढचं मी पाहून घेतो.

कल्पना होती.
पान सहावर, खाली, चार ओळी.
माझ्या वयाची माणसं आधी निधनवार्ता वाचतात,
मी संपाच्या बातम्या वाचतो, जुनी खोड.
वाचून मनात म्हटलंही होतं, बसा बाबांनो.

आम्हीही बसलो होतो, चिंचेखाली, सतरा दिवस,
मी आणि निसार, दोघांत एक डबा.
मागण्यांचा कागद त्याच्या अक्षरात, कारण माझं कुणाला लागत नसे.
अकराव्या दिवशी काटोलहून एक बाई आली.
पोराचं नोकरीचं पत्र असेल आत, पाहून द्या न भाऊ.
आत थैल्या पार खिडकीपर्यंत चढलेल्या.
मी म्हणालो, बाई, संप आहे.

तिने वाद घातला नाही. पाटावर पाणी प्यायली, गेली.
संप मिटल्यावर मी ते पत्र शोधलं.
सापडलं. शिक्का मारला, त्या दिवसाच्या तारखेचा.
आत काय होतं ते उघडून पाहायचा हक्क मला नव्हता.
भत्ता वाढला, त्यातून मी सायकल घेतली.
तिच्यासाठी कुठला फॉर्म नव्हता,
दीड इंचाचासुद्धा.

रात्री निसारचा फोन.
मोतीबिंदू काढलाय त्याने, बुद्धिबळाचा पट मांडून बसला होता.
निघाला नाहीस?
संप आहे रे, वैमानिकांचा.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग म्हणतो कसा,
किती दिवस झाले? फुटले तर नाही न कोणी?
नाही अजून.
बरं, म्हणाला. अन् माझं तिखट?

तर रकाना अकरा :
ऑटो आठशे. सदरे दोन.
संपाची पूर्वकल्पना : होती.

पौनीकर वाचतो, डोकं खाजवतो,
कागदाला तिखट लागलेलं असावं, शिंकतो.
सर, असं दिलं तर काहीच नाही मिळणार.
माहीत आहे, म्हटलं.
फक्त पोच द्या.
आणि शिक्का जरा दाबून मारा,
तारीख वाचता आली पाहिजे.